ओळीबाहेरचं गवत

१४ मार्च

मेव्हणे,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुम्ही ‘बरं’ आणि ‘हो’ यांच्या पलीकडे जात नाही, आणि मी मुद्दा सोडून रस्त्यांच्या खड्ड्यांवर घसरतो. म्हणून तुमची ताई म्हणाली, लिहून काढा एकदाचं.

मुद्दा घरामागच्या उताराचा आहे. बस चालवायचं सोडल्यावर हौसेने मी तो नांगरला, धान्य पेरलं. दोन वर्षं पिकलं, मग माती खाली यायला लागली. आता पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की पायाखालून जमीन चालल्यासारखी वाटते. गेल्या पावसात चिखल गोठ्यातून मागच्या दाराने आत आला आणि चुलीपर्यंत पोचला. लेक त्याच दिवशी शहरातून आली होती. तिने पायातले बूट हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, “बाबा, आणखी दोन पावसाळे देते. तेवढ्यात हे थांबलं नाही तर गाई विकायच्या आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. घरात चिखल नको.” जावईसुद्धा शेजारी मान डोलवत होते. ते एरवी कशालाच मान डोलवत नाहीत.

तिचंही चुकत नाही. काळजी आहे म्हणून बोलते. पण तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी दिवसभर काय करू? लिफ्ट चालवू?

तुमचा जन्म गवताच्या बियाण्यात गेला, माझा डांबरावर. उतारावरची माती धरून ठेवील आणि गाईंच्याही तोंडी लागेल असं काही गवत आहे का, ते सांगा. दरवर्षी पेरावं लागणारं नको. माझी कंबर दरवर्षी वाकणारी राहिलेली नाही.

तुमचे
भावोजी

ता.क. धाकट्या, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून दोन ओळी. चिखल उपसताना ह्यांची पाठ धरली होती, आठवडाभर उताणे पडून होते. ते लिहिलेलं नाही, मला माहीत होतं लिहिणार नाहीत. लेकीच्या घरी सगळं सुख आहे. पण मला इथून जायचं नाही.
— ताई

२ एप्रिल

भावोजी,

साष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि ताईच्या ओळी तिसऱ्यांदा वाचल्या.

तुम्हाला मारवेल गवताचं बी पाठवतो. पिशवी मोठी दिसेल, पण वजन काही नाही. बी कापसासारखं हलकं असतं. हे गेल्या वर्षी काढून ठेवलेलं आहे. मारवेलचं ताजं बी उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. माणसाने ती मोडायची नसते. आमच्या बियाणे केंद्रात पोत्यांची एक खोली आहे, तिथे आम्ही मोठ्याने बोलतसुद्धा नाही. याला शास्त्र काही नाही, सवय आहे. पोतं उघडण्याआधी मी क्षणभर डोळे मिटतो, त्यालाही शास्त्र नाही.

हे गवत एकदा धरलं की वर्षानुवर्षं राहतं. उन्हाळ्यात वरून वाळतं, पण बुडखा जिवंत असतो. पहिल्या वर्षी मात्र ते तुम्हाला फसवेल. वर काही दिसणार नाही, सगळं काम खाली चाललेलं असेल. मुळं विणली जात असतात, तीच तुमची माती धरतील.

जमीन खोल नांगरू नका, नुसती खरवडा. हातभर अंतरावर उथळ ओळी पाडा. त्यात तुमच्या गोठ्याचं कुजलेलं खत घाला. बी चाळलेल्या कोरड्या मातीत कालवून टाका, म्हणजे वाऱ्यावर उडणार नाही. वर नखभर माती, जास्त नको. खोल गेलेलं बी वर येत नाही. पहिल्या वर्षी गाईला त्यात पाय ठेवू देऊ नका. आणि तण काढत राहा. उगवताना सगळी गवतं सारखी दिसतात, म्हणून सोपा नियम सांगतो: ओळीत आलं ते आपलं, ओळीबाहेरचं ते तण.

पेरणं आपल्या हातात, उगवणं त्याच्या. काळजी करू नका असं म्हणत नाही, काळजी करूनच पेरा.

तुमचा
मेव्हणा

११ जुलै

मेव्हणे,

नमस्कार. तुमचं गवत उगवलं!

तुम्ही सांगितलं त्यात काडीचा फरक केला नाही. दोरी बांधून ओळी पाडल्या. शेजारी पाहायला आला, म्हणाला, भाऊ, रस्ता आखताय का? म्हटलं, आयुष्यभर पट्ट्यात गाडी चालवली, आता पट्ट्यात गवत चालवतो. पेरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जोराची सर आली. मी दारातून पाहत होतो, वाटलं सगळं गेलं. पण आठवडाभरात ओळी हिरव्या झाल्या. थेट रुळासारख्या.

ओळीबाहेर पुष्कळ तण आलं होतं. गंमत म्हणजे तेही जवळजवळ पट्ट्यातच, प्रत्येक ओळीच्या वीतभर खाली, नागमोडी. पण मी सोडतो काय! पोतं अंथरून त्यावर गुडघे टेकून सगळं उपटलं. नियम तो नियम. वाहतूक पोलीस जे करतात तेच केलं.

चिखल यंदा नाममात्र आहे.

भावोजी

ता.क. नाममात्र म्हणजे गोठ्याच्या उंबऱ्यावरून स्वैपाकघरात आला. मी फावड्याने काढला, ह्यांना हात लावू दिला नाही. तण उपटलेलं सगळं मी गोठ्याच्या कडेला जो उपसलेल्या चिखलाचा ढीग आहे त्यावर टाकते. ह्यांना फेकून द्यायला उताराच्या पलीकडे चढावं लागतं ना. हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन ओळी पाहायला जातात. नातवंड पाहावं तसं पाहतात. तू मनापासून चार शब्द कौतुकाचे लिही.
— ताई

२५ जुलै

भावोजी,

सा. नमस्कार. ओळींचं वाचून मन भरून आलं. आमच्या इथली पोरं दोरी न लावता पेरतात आणि मग वाकडं का आलं म्हणून मलाच विचारतात. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. वाहतूक पोलिसावर सगळे हसले.

आता काही करू नका, नुसतं पाहा. पहिलं वर्ष आहे, घोट्याच्या वर गेलं तरी पुष्कळ. हवा कोरडी पडू लागली की मला कळवा.

मेव्हणा

६ सप्टेंबर

मेव्हणे,

घोट्याचं काय घेऊन बसलात? कमरेला लागलंय! पहिल्या वर्षी काही दिसणार नाही म्हणाला होतात. तुमचं बियाणं तुमच्याही अंदाजाच्या पुढे गेलं, किंवा आमचं खत जास्त चांगलं असेल. तुमच्या पोरांना हेही वाचून दाखवा.

तुरेही आले आहेत. प्रत्येक दाण्याला लांब शेपूट, पिळलेली. ओळीतून फिरून आलं की पायजम्याला शेकड्यांनी टोचून बसतात, काढता काढता संध्याकाळ होते. इतकं जोमदार! एकच शंका आहे. गाई तोंड लावत नाहीत. हुंगतात आणि मान फिरवतात. नवी चव आहे, सवय होईल, असं मी म्हणतो. तुमचं काय मत?

लेकीला फोटो पाठवला. तिने उत्तरात एक टाळी पाठवली. एकच, पण पाठवली.

भावोजी

१५ सप्टेंबर

भावोजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी काल लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. आज सकाळी देवापुढे बसलो तेव्हा वाटलं, उशिराने सांगितलेलं खरं हे खोट्याच्याच घरी जेवून येतं. म्हणून लिहितो.

तुमच्या ओळीत जे उभं आहे ते मारवेल नाही. ती कुसळ आहे. मारवेलच्या दाण्याची शेपूट बारीक आणि मऊ असते, पायजम्यात घुसत नाही. आणि गाय मारवेलला नाही म्हणत नाही. ओळखायची खूण अशी: काडी हातात घ्या, पेरापेरावर जिथे गाठ असते तिथे पाहा. मारवेलच्या गाठीला पांढऱ्या केसांचं कडं असतं. बाळाच्या मनगटातल्या कड्यासारखं. कुसळीला तसं कडं नसतं.

माझ्या मते झालं ते असं. पेरल्यावर सर आली, तेव्हा हलकं बी पाण्यावर तरंगलं आणि वीतभर खाली जाऊन अडकलं. नागमोडी. तुम्ही ते स्वतः पाहिलंत आणि मला लिहिलंतही, आणि मी हसत वाचलं. ओळीत उरलं ते खत. तुमच्या गाईंनी गेल्या वर्षी चाऱ्यातून बाजूला टाकलेल्या कुसळीचं बी त्या खतात होतं, ते उगवलं. तुम्ही उपटलंत ते आपलं होतं.

यात तुमची चूक धरू नका. मी सपाट जमिनीचा माणूस. आमच्या इथे पाणी पडतं तिथेच बसतं. उतारावर राहणाऱ्या माणसाला मी सपाटीचा नियम लिहून पाठवला, आणि तुम्ही तो शब्दशः पाळलात. कमी आज्ञाधारक माणूस असता तर गवत वाचलं असतं.

कुसळ दाणे गळण्याआधी कापून टाका. पुढच्या वर्षी पुन्हा बी पाठवतो. पण बियावरून धरायला वेळ लागेल, आणि लेकीने दिलेल्यांपैकी एकच पावसाळा उरलाय, हे मला ठाऊक आहे. उगाच धीर देत नाही. रोज तुमचं नाव घेतो, एवढं सांगू शकतो.

मेव्हणा

९ ऑक्टोबर

धाकट्या,

आज पूर्ण पत्र मीच लिहिते, कारण हे लिहीत नाहीत. तुझं पत्र वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि उतारावर जाऊन सगळी कुसळ कापली. रात्री जेवताना म्हणाले, “लेकीला सांग, पावसाळ्याची वाट नको पाहायला.” दुसऱ्या दिवशी गाई बघायला माणूस आला. त्याने आमच्या तपकिरी गाईच्या तोंडात हात घालून दात पाहिले. मला ते बघवलं नाही, मी बाहेर आले.

बाहेर आले आणि ढिगाशी उभी राहिले. मला रडायचं होतं, पण मनात आलं, रडण्याआधी एकदा पाहून तर घेऊ. तू लिहिलेलं कडं मला पाठ झालं होतं. ढिगावर मी पावसाळाभर उपटलेलं टाकत होते. खालचं कुजलं असेल म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं. चिखलात शेण मिसळलेलं, पाऊस वरून, आणि ह्यांनी उपटलेलं सगळं मुळासकट. धाकट्या, ते जगलंय. दाट, घोट्याच्या वर, लुसलुशीत. एक काडी मोडली, गाठ डोळ्यांशी धरली. मला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून ओठांना लावून पाहिली. केस लागले.

ह्यांना हाक मारली. हे बाहेर आले ते त्या माणसाला सोडूनच. चष्मा लावला, काडी फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे तू वाहतुकीचा नियम मोडलास.”

मी म्हटलं, “मी कुठे मोडला? तुम्ही हाकललेले प्रवासी मी फक्त थांब्यावर उतरवून घेतले.”

त्या माणसाला चहा देऊन परत पाठवला. तपकिरीला एक मूठभर गवत दिलं. तिने ते इतक्या घाईने खाल्लं की माझी बोटं थोडक्यात वाचली.

पण ढीग केवढा, उतार केवढा. आता काय करायचं ते लवकर कळव.

ताई

१८ ऑक्टोबर

ताई आणि भावोजी,

पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि मग पोत्यावर बसलो. आमच्या खोलीत मोठ्याने बोलत नाहीत हे लिहिलं होतं ना, आज मी बोललो. पोरं धावत आली.

मी बी-बी करत बसलो होतो, आणि मारवेल ठोंबांनीही लागतं हे तुम्हाला लिहिलंच नाही. आता ऐका. ढिगाला हात लावू नका. हिवाळा-उन्हाळा त्याला भांडी धुतल्याचं, आंघोळीचं पाणी घाला. साबणाचं नको. वर वाढलं की टीचभर बुडखा ठेवून कापा आणि तपकिरीला द्या. जितकं कापाल तितके फुटवे येतील. पावसाला सुरुवात झाली की बुडखे उपटायचे, हाताने फाडून दोन-तीन काड्यांचे ठोंब करायचे. प्रत्येकाला मूळ हवं. वरची पानं छाटून टाका, नाहीतर मूळ धरायच्या आधी पानंच पाणी पिऊन टाकतात.

कुठे लावायचे? दोरी गुंडाळून ठेवा. यंदा माझा नियम नको, उताराला विचारा. पाऊस पडताना छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठे थबकतं ते पाहा. दगडाच्या वरच्या अंगाला, खळग्यात, जिथे गाळ साचतो तिथे लावा. पाण्याला आडवे, वाकडे का असेनात. टाचेने दाबा, ओढून पाहिलं तर निघता कामा नये.

जूनमध्ये मी रजा घेऊन येतो. इतकी वर्षं गवत लावायला सांगत आलो, उतारावर कधी लावलेलं नाही.

धाकटा

१० जुलै

ताई, भावोजी,

सुखरूप पोचलो. टाचा अजून दुखतात, आणि त्याचं मला बरंच वाटतं. इथल्या पोरांना सांगितलं की उतारावर ठोंब लावताना मी दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा भावोजींनी ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणून हाक दिली. त्यांनी मला पुन्हा तसं करून दाखवायला सांगितलं.

ताई, निघताना वरच्या दगडापाशी तू विचारलंस, टिकेल ना? मी उत्तर दिलं नाही, पिशवी उचलली. वाटेत गाडीत बसल्यावर ते फार लागलं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्याला ठोंब पुरले नाहीत, तिथून माती येणारच. बाकीच्यांनी मूळ धरलं असेल तर एकेक ठोंब आपल्यापुरती माती धरील. एवढीच माझी समजूत आहे. मी जी प्रार्थना करतो तिच्यात आता मी मागत नाही, नुसतं उताराचं वर्णन करतो. कुठे काय लावलंय ते सांगतो. ऐकणाऱ्याला पुढचं कळत असेल.

मोठा पाऊस झाला की कळवा. चांगलं असो, वाईट असो.

धाकटा

७ ऑगस्ट

मेव्हणे,

मोठा पाऊस झाला.

लागून राहिला होता, थांबायचं नाव नाही. लेक बातम्या पाहून स्वतःच गाडी घेऊन आली. डिकी रिकामी ठेवून आली होती, ती मी पाहिली. म्हणाली, फक्त बघायला आले. आम्हीही हो म्हणालो. रात्री तिने आमच्या दोन बॅगा माळ्यावरून काढून दाराशी ठेवल्या. तुमच्या ताईने त्यांच्यावरची धूळ पुसली.

सकाळी मी उठलो तर लेक स्वैपाकघरात उभी. मागच्या दाराखालून पाणी आत आलं होतं, फरशी ओली. ती म्हणाली, “बाबा, आलंच शेवटी.” खरंच आलं होतं. मी मनातल्या मनात तपकिरीचा निरोप घेत होतो.

तुमच्या ताईने फडकं आणलं आणि पुसायला बसली. लेक म्हणाली, तू नको, आण इकडे. तिने पुसलं आणि फडकं बादलीत पिळलं. मग बादलीत पाहत राहिली. पुन्हा पुसलं, पुन्हा पिळलं. बादलीचा तळ दिसत होता, मेव्हणे. पाणी गढूळसुद्धा म्हणता आलं नसतं.

ती दार उघडून बाहेर गेली. आम्ही मागे. उतारावरून पाणी येत होतं, पण सगळीकडून थोडं थोडं, गवतातून गाळलं जाऊन. आपले ठोंब आडवे झाले होते, पण जागेवर होते. मी एक ओढून पाहिला, निघाला नाही. वरचा उजवा कोपरा मात्र तुम्ही म्हणालात तसा गेला. तिथून एक घळ पडलीय, गोठ्याच्या भिंतीशी थोडी माती साचलीय. मी ते लपवणार होतो. मग वाटलं, नको. तिला हात धरून नेलं आणि दाखवलं. म्हटलं, एवढं गेलं. घरात चिखल आला नाही, पण एवढं गेलं.

ती घळीच्या कडेला वाकली. मग विचारलं, “इथे का नाही लावलं?”

म्हटलं, “ठोंब संपले.”

“ढिगावर तर आहेत.”

ढिगावर खरंच पुन्हा फुटून आले होते. मी म्हटलं, चिखल आहे, तुझे बूट खराब होतील. ती म्हणाली, बुटांचं मी बघते. दुपारभर ठोंब फाडत होती. आधी एकाच काडीचे करत होती, तिच्या आईने टोकलं तेव्हा दोन-दोन, तीन-तीन काड्या घ्यायला लागली. पानं छाटायचं मी सांगितलं. कुठे लावायचं ते मात्र मी सांगितलं नाही. ती पावसात उभी राहून पाणी कुठे थबकतं ते स्वतःच पाहत होती. माझी छत्री घेतली नाही. टाचेने दाबताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी.

संध्याकाळी बॅगा तिनेच माळ्यावर ठेवल्या. तुमची ताई चूल पेटवत होती, तिने वळून पाहिलं नाही, पण मी तिला ओळखतो.

गाडीत बसल्यावर लेकीने काच खाली केली. म्हणाली, “बाबा, कोपऱ्यात मी लावलंय ते धरलं की नाही, ते मला कळवा. पुढच्या वर्षीही कळवा.”

आता ते कळवायचं तर आम्हाला इथे राहणं आलं.

भावोजी